एकोणीस शॉट

सरांनी फोल्डर उघडला आणि मुलीच्या बाबांना पडदा नीट दिसावा म्हणून खुर्ची बाजूला सरकवली. फिल्मचा वर्ग सुरू व्हायला अर्धा तास होता. पलीकडच्या खोलीत मुलं ट्रायपॉडवरून भांडत होती.

"बुधवारी गेली," बाबा म्हणाले. "कुणाला काही कळायच्या आत. माझी मोठी बहीण, पण फोटो म्हटलं की पळ काढायची. घरात तिचा एक धड फोटो नाही. हिच्यापुढे मात्र बसली म्हणे."

हिच्यापुढे, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या चिमणीपुढे. वय वर्षं अकरा, आवाज एवढासा, पण कॅमेरा हातात आला की हात जराही हलत नसे. शिवणकाम करणाऱ्या आत्यावरची तिची फिल्म गेल्या रविवारी वर्गात दाखवून सरांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

पडद्यावर कात्री आली. मग मशीनचं चाक, सुईत दोरा ओवणारी बोटं, गळ्यातली टेप. सुंदरच होतं सगळं. बाबा पुढे वाकून वाट बघत होते. फिल्म संपली तरी ते वाकलेलेच.

"चेहरा?"

सरांनी फिल्ममध्ये न घेतलेले तुकडे उघडले. तिथेही हातच.

"चिमणे, आत्याचा चेहरा घेतलाच नाहीस का गं?" सरांनी विचारलं.

"घेतला होता की! एकोणीस शॉट होते. पण ती सारखी कॅमेऱ्यातच बघायची. कितीदा सांगितलं, मशीनकडे बघ, तर नुसती हसायची. तुम्हीच म्हणाला होतात ना सर, कॅमेऱ्यात बघितलं की शॉट बाद? मग मी घरीच डिलीट केले."

बाद! केवढ्या रुबाबात म्हणायचे सर, हात झटकून, इतकी वर्षं. आता परत मिळवायचीही सोय नव्हती. कॉपी झाली की कॅमेऱ्याचं कार्ड कोरं करून दुसऱ्या गटाला द्यायचं, हाही नियम त्यांचाच. ते कार्ड आठवडाभर फुटबॉलच्या मैदानावर फिरत होतं.

अरे, ती बाई कॅमेऱ्यात कुठे बघत होती? कॅमेऱ्यामागे तिची भाची होती, तिच्याकडे बघत होती. इतकं साधं आपल्या डोक्यात कधी आलं नाही, याची त्यांना लाज वाटली.

"चूक माझी आहे," ते बाबांना म्हणाले. "मीच शिकवलं तिला तसं."

बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला.

"असू दे. हात तरी आहेत."

त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. सरांनी मान खाली घालून दोरा ओवण्याचा मूळ तुकडा पुन्हा लावला. फिल्ममध्ये त्याच्यावर संगीत होतं, इथे खोलीतला आवाज होता. सुईत दोरा गेला. बोटं थांबली.

"झालं का गं तुझं?" आत्याचा आवाज आला. "आता बघू का तुझ्याकडे?"

"नको ना आत्या! अजून नाही."

तुकडा तिथेच संपला. चिमणीने लगबगीने माउसकडे हात नेला.

"सर, हे शेवटचं बोलणं कापायचं राहिलंय. लगेच कापते."

सरांनी माउस उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला.