हाकेतली खरखर

आवाजवाल्याने पडद्यावरचं चित्र तिसऱ्यांदा मागे नेलं आणि शकूने कानांवरचे हेडफोन दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरले. पडद्यावर हवेलीचा जिना होता. वर अंधार, खाली मेणबत्ती धरून उभी असलेली नायिका, आणि मग वरून कुठून तरी ती हाक आली. लांबवलेली, शेवटी जराशी फाटलेली.

"ऐकलंत?" शकू म्हणाली. "शकू. अगदी स्पष्ट. ती माझी आई आहे, आणि मला हाक मारतेय."

आवाजवाल्याने मान डोलावली, पण त्यात काही जीव नव्हता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, मवाळ माणूस. चित्रपटांच्या संग्रहालयात जुन्या फितींचे आवाज धुऊनपुसून साफ करणं हे त्याचं काम. झपाटलेल्या हवेलीचा हा साठ वर्षांपूर्वीचा कृष्णधवल चित्रपट आता नव्याने लागणार होता, आणि या खेपेला श्रेयनामावलीत त्या हाकेपुढेही नाव घालायचं असं वरून ठरलं होतं. मूळ नामावलीत तिथे कुणीच नव्हतं. हाक एक आणि दावेदार तीन, असा प्रकार होऊन बसला होता. आधीच्या दोघांपैकी एकाने मावशीचं नाव पुढे केलं होतं, दुसऱ्याने आजेसासूचं, पण पुराव्याच्या नावाने दोघांकडेही बोंब. शकूचं तसं नव्हतं. तिचा पुरावा हाकेतच होता.

आई त्या स्टुडिओच्या कपडेपटात शिवणकाम करायची. भुताचा पायघोळ पांढरा झगा तिच्याच हातचा. हाक द्यायला आणलेल्या नटीचा ऐन वेळी घसा बसला, दुसरी कुणी मिळेना, तेव्हा दिग्दर्शकाने हिला शिवणयंत्रावरून उठवून माईकसमोर उभं केलं. नुसतं 'ये' म्हणायचं होतं. दहाबारा वेळा म्हणून झालं तरी त्याचं समाधान होईना. शेवटी तो वैतागून म्हणाला, बाई, राहू दे ते 'ये', तुमच्या घरच्या कुणाला तरी हाक मारा. तिने मारली, एकदाच, आणि परत मशीनवर जाऊन बसली. ही एवढी गोष्ट आईने जन्मात एकदा सांगितली होती, कपड्यांच्या घड्या घालता घालता, तीही बाबांनी फारच खोदून विचारलं म्हणून.

बोलणं हा आईचा प्रांतच नव्हता. शकूचा फ्रॉक कधी उसवलेला दिसला नाही, डबा कधी चुकला नाही, आजारपणात औषधाची वेळ टळली नाही. पण माया म्हणाल तर ती बाईने कुठे कुलूप लावून ठेवली होती कोण जाणे. 'शकू' हे नाव बाबांचं, शेजाऱ्यांचं, शाळेतल्या मैत्रिणींचं. आई नुसती 'अगं ए' म्हणायची. लहानपणी शकूला वाटायचं, आईला आपलं नावच ठाऊक नसावं.

म्हणून या चित्रपटाचं एवढं कौतुक. ती सात वर्षांची असताना तो पुन्हा लागला, तेव्हा बाबांनी दोघींना दाखवायला नेलं. जिन्यावरून हाक आली तेव्हा अख्खं थिएटर किंचाळलं, आणि ही पोर खुर्चीवर उभी राहून ओरडली की आई, तू मला हाक मारलीस. मागेपुढे बसलेले लोक भीती विसरून हसत सुटले. घरी जाताना तिने आईचा हात ओढून पुन्हा विचारलं, मलाच ना? आई काही पावलं तशीच चालली. मग म्हणाली, हो, तुलाच.

त्या एका 'तुलाच'वर शकूने सगळा जन्म काढला होता. चित्रपट जिथे लागेल तिथे ती जायची. नवऱ्याला भुताखेतांचं वावडं, तरी त्याला ओढून न्यायची. चष्म्याच्या दुकानात तीस वर्षं तिने लोकांच्या नाकाकानांवर चष्मे बसवले, आणि गिऱ्हाईक जरा गप्पिष्ट निघालं की ही गोष्ट त्याच्या गळ्यात मारल्याशिवाय सोडलं नाही. ज्या हाकेने लोकांची गाळण उडायची ती ऐकून हिला बरं वाटायचं. आई चार महिन्यांपूर्वी गेली. शेवटच्या आठवड्यातही पाणी हवं असलं की 'अगं ए'च. निदान तिचं नाव पडद्यावर लागावं, एवढी एकच इच्छा घेऊन शकू इथे येऊन बसली होती.

"एक अडचण आहे," आवाजवाला म्हणाला. "आत्ता ऐकलीत ती जुनी प्रत. साफ केलेली ऐकवतो. जरा वेगळी वाटेल, आधीच सांगतो."

नवा चष्माही पहिल्या दिवशी वेगळाच वाटतो, असं म्हणून शकू हसली. त्याला हसू आलं नाही.

पडद्यावर तोच जिना, तीच मेणबत्ती. आवाजातली सगळी खरखर मात्र गेली होती. नायिकेचा श्वास ऐकू येत होता, पायरीवर सरकलेलं पाऊल ऐकू येत होतं. मग हाक आली.

अकू.

शकू म्हणाली, यंत्राने पहिलं अक्षर खाल्लंय. पुसता पुसता माझा 'श' पुसून टाकलात तुम्ही. आवाजवाल्याने वाद घातला नाही. त्याने तोच तुकडा चार वेगवेगळ्या तऱ्हांनी लावून दाखवला, पडद्यावर आवाजाच्या रेघा दाखवल्या. हाकेच्या आधी शांतता होती, म्हणून त्या काळच्या माणसाने तिथे आवाज चढवून घेतला होता. त्याच्याबरोबर फितीची खरखरही चढली होती. बरोबर हाकेच्या तोंडाशी, श्श करून.

"तो 'श' बाईंनी म्हटलेलाच नाही," तो हळूच म्हणाला. "ती खरखर आहे."

त्याला हे आठ दिवसांपूर्वीच कळलं होतं. फोन करायचा धीर झाला नाही, असं त्याने कबूल केलं. मग खुर्ची जरा जवळ ओढून तो म्हणाला,

"मी एक करू शकतो. तेवढ्या जागेपुरती खरखर राहू देतो. जुनी फीत आहे, कुणी विचारणार नाही. आईंचं नाव लागून जाईल. नाहीतर वर मी काय सांगू? हे तुमचं नावच नाही."

शकूने हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि त्यांची दांडी चष्म्याची काडी तपासावी तशी वाकवून वाकवून पाहू लागली.

अकू हे नाव तिने आजवर एकदाच ऐकलं होतं, बाराव्या वर्षी, मावशीच्या तोंडून. तुझ्या आधी एक मुलगा झाला होता, अकू म्हणायचे त्याला, तू सहा महिन्यांची असताना तापाने गेला, आणि आईसमोर हे नाव काढलंस तर माझ्याशी गाठ आहे. घरात त्याचा फोटो नव्हता, चिंधी नव्हती, खेळणं नव्हतं. शकूने ते नाव कधी काढलं नाही. आईनेही कधी काढलं नाही, असं ती समजून चालली होती.

तिला आधी लाज वाटली. पंचावन्न वर्षं ती भावाच्या हाकेला ओ देत आली होती. तेही गावभर सांगत, परक्या गिऱ्हाइकांना सांगत. मग राग आला, मग रडू आलं आणि ती रडली. आवाजवाला उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि खालच्या रस्त्याकडे बघत राहिला.

रडणं ओसरलं तेव्हा तिला आईची ती न बोलता टाकलेली पावलं आठवली. तो गेल्यानंतर आईने एकदाच त्याला हाक मारली होती. ती ऐकून थिएटरभर लोक किंचाळले होते, मग हसले होते, आणि वर ही पोरगी हात ओढून विचारत होती, मलाच ना? तेवढ्या पावलांत आईने मुलाची हाक मुलीला देऊन टाकली होती. पुढे घरी कुणी पाहुणे आले आणि शकूने ती गोष्ट सुरू केली की आई उठून आत जायची. शकूला वाटायचं, लाजली.

"साफ करा," ती म्हणाली.

"पूर्ण?"

"पूर्ण. ज्याची हाक त्याला जाऊ दे."

आवाजवाल्याने दाव्याचा कागद पुढे ओढला. 'शकू' लिहिलं होतं त्यावर त्याने काट मारली आणि वर नवं नाव लिहिलं. हे कोण, ते सांगावं लागेल, म्हणाला, आणि कुठे नोंद असली तर बरं. शकूने सांगितलं की जन्माची नोंद असेल, ती काढून आणते, आणि मावशी अजून आहे, ती सही देईल.

"आणि नातं?"

"माझा भाऊ."

हे दोन शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होते. तिने ते पुन्हा एकदा म्हणून पाहिले.

"धाकटा?" त्याने लिहिता लिहिता विचारलं.

"मोठा," शकू म्हणाली. "चार वर्षांचा."