यंत्रबुवाचा उलटा पीळ

कचरा डेपोच्या फाटकापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी नाक दाबून पळणारी माणसं आज घरचा कचरा पिशवीत घेऊन हौसेनं रांगेत उभी होती. समोर पांढरंशुभ्र, खोलीएवढं यंत्र. एका बाजूला तोंड, दुसऱ्या बाजूला जाळीचे तीन पिंजरे. तोंडात काहीही टाका, आत घरघर व्हायची, हिरवा दिवा लागायचा, "ओला कचरा. धन्यवाद," असा गोड आवाज यायचा आणि जिन्नस बरोबर आपल्या पिंजऱ्यात पडायचा. लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं, यंत्रबुवा.

"डोळे आहेत याला, डोळे!" टायवाला विक्रेता भोंग्यातून ओरडत होता. "मेंदू आहे! माणसाचा हात लागत नाही. ओलं-सुकं वेगळं करायची कटकट विसरा. द्या कालवून!"

लोक कालवून देतच होते. एका जाड्या गृहस्थाच्या पिशवीतून पिवळट पाणी ठिबकत होतं. त्यानं ती तोंडात उलटी केली. बाळाचे घाणेरडे लंगोट, पू लागलेली पट्टी, आंबून फेसाळलेलं अन्न, दोन बाटल्या, सगळं चपचप करत आत घसरलं. बोटं भिंतीला पुसत तो म्हणाला, "आता कुणाला चिवडावं लागत नाही ना? मग आपण कशाला जीव जाळायचा?"

रांगेत त्याच्या मागे उभ्या असलेल्या एकीनं यंत्राला चक्क हात जोडले.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाई हे सगळं बाजूला उभ्या राहून पाहत होत्या. त्या चमत्कार बघायला आल्याच नव्हत्या. त्यांची आई जन्मभर याच डेपोत कचरा निवडत आलेली. यंत्र आल्यापासून म्हणायची, "मला देखरेखीचं काम मिळालंय." पण खोकला दुप्पट झाला होता आणि नखं पूर्वीपेक्षा काळी.

"कशाची देखरेख गं?"

"आतली."

"आतली म्हणजे?"

"डोकं नको खाऊ. बोलले तर काम जाईल."

आज आईचा दम्याचा पंप घरीच राहिला होता. तो द्यायला बाई आल्या, तर रखवालदार म्हणाला, "म्हातारी? इथं माणसंच नाहीत, बाई. यंत्र आहे."

बाई पिंजऱ्यांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. सुक्या कचऱ्याच्या पिंजऱ्यात प्लास्टिकच्या बाटल्या होत्या. प्रत्येक बाटली ओल्या फडक्यासारखी पिळलेली आणि वर बूच घट्ट लावलेलं. त्यांच्या घरात रिकामी बाटली अशीच असायची. हवा काढायची, पिळायची, बूच लावायचं. "पोत्यात दुप्पट मावतात," आई म्हणायची. बाईंनी जाळीतून हात घालून काही बाटल्या काढल्या, निरखल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"या कोण पिळतं हो?" त्यांनी टायवाल्याला विचारलं.

"दाबयंत्र, मॅडम. परदेशी तंत्र!"

"दाबली तर चपटी होईल. ही पिळलीय. तुमचं दाबयंत्र बुचंही लावतं?"

"म्हणून तर म्हटलं, मेंदू आहे!"

"बरं. मग बाकीच्यांचा पीळ एकीकडे आणि या दोन बाटल्यांचा उलटा कसा? यंत्रबुवा डावखुरे आहेत का?"

लोक हसले. "बाई, शाळा सुटलीय! बुवाला तरी सोडा!"

बाईंची आई डावखुरी होती. त्या यंत्राच्या तोंडाशी गेल्या आणि पर्समधला पंप आत टाकला.

घरघर झाली. दिवा लागेना. गोड आवाज येईना. पंप कुठल्याच पिंजऱ्यात पडेना.

"लोड आलाय, लोड," टायवाला कपाळ पुसत म्हणाला.

तेवढ्यात आतून आवाज आला. फुस्स. मग ओढलेला लांब श्वास. पुन्हा फुस्स. आणि मग खोकला, ओला, म्हातारा, थांबता थांबेना.

"बुवाला खोकला झाला," कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

"सील तुटलं तर वॉरंटी जाते!" टायवाला आडवा आला. बाईंनी त्याला बाजूला सारून मागच्या पत्र्याची कडी ओढली. आतून कुजलेल्या घाणीचा असा भपकारा आला की जाडा गृहस्थ तिथेच ओकला. एका दिव्याखाली चार बायका यंत्राच्या तोंडातून उतरणाऱ्या घसरगुंडीभोवती बसल्या होत्या, कोपरापर्यंत चिकट राड. एकीच्या हाताशी तीन बटणं, ओला, सुका, घातक. बटण दाबलं की दिवा लागायचा, आवाज बोलायचा. एवढाच बुवाचा मेंदू. आईच्या मनगटाला ती पुवाची पट्टी चिकटली होती.

"कशाला आलीस?" ती धापा टाकत म्हणाली. "गेलं ना माझं काम!"

"काम जाणार नाही. ही कोंडी जाईल," बाई म्हणाल्या आणि गर्दीकडे वळल्या. "खरी यंत्रंही असतात. चुंबक लोखंड ओढतं, वाऱ्याचा झोत कागद उडवतो, कॅमेरा बाटली ओळखतो. ती उघडून दाखवता येतात. आणायचं तर तसलं आणा, आणि या चौघींना बाहेर उजेडात, हातमोजे घालून ते चालवू द्या. पण हे उघडून दाखवा, असं तुमच्यापैकी एकानंही म्हटलं नाही. आपली घाण कुणाच्या हातात जाते, ते तुम्हाला बघायचंच नव्हतं. चमत्कार दिसला की हात जोडू नका. आधी मागचं दार उघडायला सांगा."

टायवाला भोंगा टाकून कधीच सटकला होता. रांग जागच्या जागी खिळली होती. जाड्या गृहस्थानं तोंड पुसलं, दुसरी भरलेली पिशवी उचलली आणि खालमानेनं विचारलं, "मग हे... कुठं टाकू?"

बाईंच्या आईनं पंप पदराला पुसला.

"आधी घरी ने, बाबा," ती म्हणाली. "तिथंच वेगळं कर. मग आण."