स्पिरिटचा बोळा

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत डॉक्टर माया शेजवळना एक खोड लागली होती. अंबरनाथच्या शिवमंदिर रस्त्यावरचा दवाखाना उघडला, की पहिला पेशंट आत घेण्याआधी त्या मास्क खाली करून स्पिरिटचा बोळा हुंगायच्या. वास आला, की आजचा दिवस आपला.

आज वास आला नाही.

त्यांनी बोळा पुन्हा नाकाशी धरला. तरी नाही. घरी दम्याच्या सासूबाई होत्या, आणि सकाळचा चहा त्यांना आपल्याच हातून गेला होता.

"कुंदाताई, याला वास येतोय का बघा हो."

दवाखाना सुरू झाल्यापासून मदतीला असलेल्या कुंदाताईंनी बोळा हुंगला. "येतोय की मॅडम. चांगला झणझणीत!" म्हणत त्या पेशंटला आणायला गेल्या.

म्हणजे आपलं नाकच गेलं. मायांनी डेटॉलची बाटली उघडली. भसकन वास आला! मग त्यांचं लक्ष बोळ्यांच्या बरणीकडे गेलं. शेजारी डिस्टिल्ड वॉटरची बाटली उघडी होती. कुंदाताईंनी घाईत स्पिरिटऐवजी तीच ओतली होती. बोळे नुसत्या पाण्याचे! मायांना हसू फुटलं, आणि अर्ध्यावरच विरलं.

पाण्याला झणझणीत वास?

"कुंदाताई, तुमचा वास कधीपासून गेलाय?"

पहिल्या पेशंटला, जनाआजींना, हाताला धरून आत आणणाऱ्या कुंदाताई दारातच थबकल्या.

"परवापासून. तुम्ही घरी बसवाल म्हणून बोलले नाही," त्या पुटपुटल्या, आणि सवयीने त्यांनी आजींचा घसरलेला मास्क नीट नाकावर बसवला.