कबीकजची संमती

ग्रंथ जुईला मिळाला. देवगिरीमागच्या टेकड्या तेव्हा जांभळ्या झाल्या होत्या, वाऱ्याला पिकल्या सीताफळांचा वास होता, आणि तिच्या छातीशी तो डाळिंबी चरित्रग्रंथ होता.

असं काही अजून झालेलं नाही. वरचा परिच्छेद आपण वाचलाच नाही, असं समजू. आहे ती फक्त दुपार. कार्तिकातली, केशरी, कापसासारखी हलकी. गवत सोनसळी, आकाश नीलनिर्मळ; आणि किल्ला नेहमीसारखा डोंगरावर बसलेला, कुणालाही कसलीच मदत न करणारा.

अत्तरवाल्या इसाकचाचांच्या अंगणात, बाजेवर, शुभ्र चादरीवर तो ग्रंथ पहुडला होता. शाह गुलरंग नावाच्या दरवेशाचं फारसी चरित्र. गावच्या ग्रंथालयातली जुई पारनेरकर फारसी शिकली ती या एका ग्रंथासाठी. चाचा उद्या कायमचे लेकीकडे सोलापूरला निघाले होते. आज ग्रंथ दिला तर तो ग्रंथालयाचा; नाही तर तोही लोणच्याच्या बरणीशेजारी बसून सोलापूरला.

काय त्याचं रूप! डाळिंबी चामड्याची बांधणी, पाकिटासारखी मिटणारी झडप. आत कागजीपुऱ्याचा बदामी कागद, शंखानं घोटून घोटून गुळगुळीत केलेला. सुवर्णरेखांकित चौकटी, चौकटीत काजळकाळी, तिरकी, झुलती अक्षरं, जणू तारेवर दाटीवाटीनं बसलेल्या पाकोळ्या. मधूनच एक तांबडं शीर्षक, मधूनच एक केवड्याचा डाग. डाग चाचांच्या आजोबांचा. आजोबा वाचताना अत्तर लावत आणि लावताना वाचत.

चाचांच्या घरची एक रीत होती. ग्रंथ नव्या हाती द्यायचा तर पहिल्या पानावरचा प्रत्येक मालक मोठ्यानं पुकारायचा, त्याची हरकत विचारायची, एक श्वास थांबायचं. मालक मयत असतात. मयत माणसं फार समजूतदार असतात.

"पुकार, पोरी," चाचा म्हणाले.

जुईनं पुकारलं. एक किल्लेदार, बदामाएवढ्या मोहोरेचा. वारा वाहिला, हरकत नाही. एक कारकून सदाशिवपंत, ज्यांनी मोडीत शेरा मारला होता, 'पुस्तक सुंदर आहे. काही कळत नाही.' चिमणी चिवचिवली, हरकत नाही. एक नववधू गुलबदन, जिच्या नाजूक अक्षरांत लिहिलं होतं, 'हे माझं. नवऱ्यानं हात लावू नये.' तिच्यापाशी जुई दोन श्वास थांबली.

"आणि सगळ्यांत वरचा," चाचा म्हणाले. "पहिला मालक. कबीकज. मोठा उमराव असणार, बिचारा."

इथं जुईनं शहाणपणा केला.

"चाचा, तो मालक नाही. कबीकज म्हणजे कीटकांचा राजा. त्याचं नाव लिहिलं की त्याची प्रजा ग्रंथ खात नाही, अशी जुनी समजूत होती."

चाचांची दाढी थबकली. "राजा?"

"हो."

"मेला कधी?"

"मेला... असं कुठं म्हटलेलं नाही."

"म्हणजे हयात आहे!" चाचा बाजेवर ताठ बसले. "अगं, मग त्याची परवानगी नको? मेलेल्याचं मौन चालतं. जित्याचं कसं चालेल?"

"चाचा, तो किडा आहे हो!"

"राजा आहे, तूच सांगितलंस. इतकी वर्षं राखलंय त्यानं हे. तू राखलंस? मी राखलं? मी तर वर चहा सांडला."

 

दोघं हुजुरांच्या संमतीची वाट पाहत बसली. ऊन अंगणभर पसरलं, पसरून पिवळलं, पिवळून लांबलं. जुईच्या डोळ्यांत पाणी दाटलं. सोलापूर किती दूर, किती रूक्ष, किती लोणचंयुक्त! चाचा अधूनमधून ग्रंथाकडे वाकून अदबीनं म्हणत, "हुजूर, पोरगी चांगली आहे."

आणि तेवढ्यात ग्रंथाच्या शिवणीतून एक कसर, पुस्तकातली कीड, निघाली. चंदेरी, चिमुकली, चांदण्याचा चुरा होऊन चालू लागावा तशी. ती सोनेरी चौकट ओलांडून गेली, गुलबदनला वळसा घालून गेली, पानाच्या काठाशी थांबली. दोन मिशा हलल्या. मग ती शांतपणे उतरली ती थेट जुईच्या बाहीवर, आणि बाहीच्या घडीत, बिऱ्हाड मांडावं तशी, शिरली.

चाचा उभे राहिले. टोपी सारखी केली.

"ने," ते म्हणाले. "हुजूर स्वतः तुझ्याबरोबर निघालेत. आता मी कोण?"

त्यांनी ग्रंथ उचलला, त्यात नाक खुपसलं, आजोबांना एकदा भरभरून हुंगलं, आणि हसत हसत तो तिच्या ओंजळीत ठेवला. जुई हसली, रडली, बाही न झटकता धावत सुटली.

ग्रंथालयाच्या पायरीवरच तिनं तो उघडला. प्रत्येक पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला, हळूच खुणावणारा, पुढे ये, पुढे ये म्हणणारा. शाह गुलरंग नुकताच गुलाबाच्या झाडाशी भांडायला निघाला होता. तळाशी शब्द होता, 'गुलाब म्हणाला'. आणि टेकड्यांवर ऊन कुंकवाचं झालं, अक्षरं काजळात विरघळू लागली, पान उलटायला आतुर झालेलं बोट किरमिजी झालं.

सबब, पश्चिम दिशेच्या संबंधित अधिकाऱ्यांस सविनय विनंती करण्यात येते की, सदर ठिकाणी वाचन चालू असल्याकारणे, आजचा सूर्यास्त शेवटचं पान उलटेपर्यंत तहकूब ठेवण्यात यावा.