गळ्याभोवतीची दोरी

चैत्राची दुपार चढत चालली होती. ताम्रवर्णी आकाशाखाली, तप्त माळरानावर, घायपाताची हरितनील, कंटकाग्र पाती निश्चल उभी होती. वारा होता, पण त्यात ओलाव्याचा लेशही नव्हता.

माळाकडेच्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात गेनबा बसला होता. चाळीस वर्षे घायपाताच्या वाखाचे दोर वळणारा गेनबा. आत त्याची एकुलती लेक कौसा, पहिलटकरीण, पहाटेपासून कळांशी झुंजत होती.

दार किलकिले झाले. "कॉर्ड गळ्याभोवती आहे, लवकर!" डॉक्टरीणबाईंचा स्वर आला, आणि दार मिटले.

गेनबाला कासरा ठाऊक, दावे ठाऊक, सोल, नाडा, चऱ्हाट ठाऊक. हा शब्द मात्र ठाऊक नव्हता.

"कारड म्हंजी रं काय, बाळा?" त्याने दारावरच्या पहारेकऱ्याला विचारले.

पहारेकऱ्याने मोबाइलवर शोधले. "दोरी, बाबा."

दोरी!

सातव्या महिन्यात त्यानेच लेकीला म्हटले होते, "टोक धर गं जरा." शेजारणी ओरडल्या होत्या, पोटुशीने पीळ धरू नये म्हणून. हा हसला होता. ती टोक धरून उभी, हा पीळ देत मागे मागे सरणारा. तोच पीळ आज त्या अजात, कमलकोमल गळ्याभोवती! आपणच आवळला. आपणच.

त्याचे खरबरीत तळहात एकमेकांवर उलटे फिरू लागले, रिकाम्या हवेतला पीळ सोडवू लागले. सुट गं बये, सुट. सुट गं, सुट. पहारेकरी पाहत राहिला. त्याला काही कळेना.

आतून रडणे येईना. अजून येईना. अजूनही येईना.

मग एक चिरका, कोवळा, केशरी स्वर उमटला.

नर्स दुपट्यात गुंडाळलेला जीव घेऊन बाहेर आली. गेनबा मागे सरला. "म्या घातली ती दोरी, बाई. ह्याच हातानं."

"दोरी कसली, आजोबा? नाळ होती ती! दोन वेढे पडले होते, सोडवले. नऊ महिने तिच्यावरच तर जगली ही तुमची नात."

नाळ. केवढा आपला शब्द! गेनबा हुंदके देऊन रडला.

नातीच्या गळ्यावर एक निळसर वळ अजून होता. दोर काचला की तो आपल्या तळव्यावर जशी फुंकर घालायचा, तशीच त्याने त्या वळावर घातली. हळू, फार हळू, पुन्हा पुन्हा.