आंधळ्या माडीचा झरोका

मित्रांनो, पोखर्णीत आबासाहेबांच्या माडीवर, छपराच्या उत्तर अंगाला एक गंजका पत्रा दिसतो ना? त्याच्याखाली मी हाय. जुना, तडकलेला काचेचा झरोका.

निजामाच्या राज्यात आबासाहेब हैदराबादेत चित्रं काढायला शिकले अन् गावात येऊन हे घर बांधलं. खाली राहायचं, वर चित्रांचं. वरचा जिना भायेरून काढला, म्हंजे कुणालाबी कुणाच्या चुलीपुढून न जाता चित्रं बघता यावी. वरच्या भिंतीला एकबी खिडकी ठेवली न्हाई. भिंती चित्रांच्या, उजेड माझा. उत्तरेचा उजेड गार असतो, रंगाला खात न्हाई. पण गाव म्हणायचं, आंधळी माडी. मला लय राग यायचा. डोळा वर असला म्हणून कुणी आंधळं होतं का?

उगवतीच्या भिंतीवर सुंदराचं चित्र होतं. हिरवा परकर, ओंजळीत बोरं. आबासाहेबांची लेक, लहानपणीच तापानं गेली. तिचा फोटो कुणी काढलाच नव्हता. पुढं आबासाहेबबी गेले. त्यांची बायको सरजाबाई रोज सकाळी जिना चढायची अन् चित्रापुढं बसून लेकीला घरातलं सांगायची. कोणती गाय व्याली, तिचा धाकटा भाऊ पंडित कसा उलटं बोलतो.

विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात जाळपोळ झाली, त्या साली एका वानरानं माझ्यावर उडी मारली. मला तडा गेला. पाणी आत ठिपकायला लागलं. एसट्या बंद, परभणीहून काच आणावी कशी? पंडितनं पत्रा ठोकला. चार दिवसांचंच हाय, म्हणाला. माडीत अंधार झाला अन् सरजाबाई जिन्यावर रडत बसली. ते रडणं पंडितला सोसलं न्हाई. त्यानं मावळतीची भिंत फोडून मोठी खिडकी काढली.

"बघ माय, आता कसा झक्क उजेड पडायलाय."

ती हसली. गाव म्हणालं, माडीला डोळे आले. मी पत्र्याखाली तडफडायलो होतो. अरे बाबांनो, तो उजेड न्हाई, ते ऊन हाय. रोज संध्याकाळी खालचा परकर खिडकीखालच्या भिंतीच्या सावलीत वाचायचा अन् सुंदराचं तोंड उन्हात सापडायचं. आधी ओठ गेले, मग गाल. रोज बघणाऱ्याला ते कळत न्हाई. काच आणायची राहूनच गेली.

सरजाबाईला वाटलं, आपलीच नजर चालली. पदरानं डोळे पुसत म्हणायची, "सुंदरे, धुकट दिसायलीस गं."

विद्यापीठाचं नाव बदललं, त्या साली पंडितनं तिला शिबिरात नेऊन मोतीबिंदू काढून आणला. पट्टी निघाली तशी ती वर आली. पंडितकडं बघून म्हणाली, "लय पिकलास की रे." मग चित्राकडं वळली. परकर हिरवागार होता. बोरं होती. वर नुसतं पिवळं कापड.

सरजाबाई म्हणाली, "पंडित, मला सगळं दिसायलंय. माझी लेकच दिसंना."

दुसऱ्या दिवशी पंडितनं खिडकी विटांनी बुजवली. परभणीहून नवी काच आणली अन् माझा पत्रा उचकटायला वर चढला. सरजाबाईनं खालून अडवलं.

"राहू दे. अंधारात तरी ती हाय."

मित्रांनो, कुणाचं घर नीट करायला जाताल तर आधी विचारा, हे असं का बांधलं असंल. मी सांगितलं असतं, पण मला कुणी विचारलं न्हाई. सरजाबाई अजून वर येती. अंधारात बसती, अन् कोणती गाय व्याली ते हळू आवाजात सांगती.