सुकरीच्या शेताचा नकाशा

बादली आधी खाली ठेवा, मित्रांनो, मग जवळ या. मी आलापल्लीच्या जंगल कचेरीतला एक जुना नकाशा आहे, कापडावर काढलेला. पाण्याचं भांडं घेऊन येणाऱ्या कुणावरही माझा काडीचा विश्वास नाही. मी मुळात तलम सुती कापड. खळ घालून मला इतकं ताठ आणि पातळ केलं, की पलीकडचं दिसावं. धुतलं की खळ जाते आणि लेकराचं झकास झबलं होतं. माझी चार भावंडं अशीच झबली झाली.

त्रेपन्न सालच्या हिवाळ्यात मोजणीदार गुणवंतरावांनी माझ्यावर एका जंगलगावाची शेतं उतरवली. नदी काढली. गावच्या पोरापोरींचं जमायचं घर, म्हणजे गोटुल, काढलं. नदीच्या वळणाशी गावातल्या सुकरी नावाच्या बाईचं धानाचं शेत काढलं. असं सुबक काम आपल्या हातून कधी झालं नाही, असं ते म्हणाले. मी फुगलो, खोटं कशाला बोलू!

मग त्यांनी वीस वर्षांपूर्वीचं, जंगलाची हद्द दाखवणारं कापड खिडकीच्या काचेवर लावलं आणि वर मला धरलं. दोन नकाशे नीट जुळायला दोन्हींवरची एकच खूण एकमेकींवर यावी लागते. त्यांनी गोटुलावर गोटुल ठेवलं आणि सुकरीचं शेत थेट राखीव जंगलात गेलं! नदीही दोन बोटं सरकलेली दिसत होती. नद्या पात्र बदलतातच, म्हणून त्यांनी तिकडे बघितलंही नाही.

शेत सोडा, अशी नोटीस गेली. गावानं जंगल तोडून शेत वाढवलं, असा गुणवंतरावांना संशय. हा माणूस आपली जमीन गिळायला आलाय, असा गावाला संशय. मला संशय त्या पिवळ्या पडलेल्या जुन्या कापडाचा. पुढे पुढे तर मला माझाच संशय यायला लागला.

चौथ्या दिवशी सुकरी आपल्या दिराला, चैतूला, घेऊन पायी कचेरीत आली. गुणवंतरावांनी तिला खिडकीशी नेऊन आम्हा दोघांना दाखवलं. तिला अक्षरओळख नव्हती. तिनं माझ्यावरच्या नदीवरून बोट फिरवलं आणि ती वळणाशी थांबली. मग खालच्या कापडावरचं तसंच वळण शोधलं.

"नदी नाई हलली, भाऊ," ती म्हणाली. "गोटुल हललं. वाघानं दोन मानसं नेली तवा आमी गावच उचलून इथी आनलं. ह्या वळनावर खडक हाय. खडक कोन उचलन?"

गुणवंतरावांचा चेहरा पडला. त्यांनी मला हळूच सरकवून वळणावर वळण बसवलं. शेत हद्दीबाहेर आलं, अख्खंच्या अख्खं. मला रडूच आलं असतं, पण ओलं होणं मला परवडत नाही. सुकरी मात्र हसली नाही.

"आता पुन्हा करून दाखवा," ती म्हणाली. तिनं त्यांना तीनदा करायला लावलं.

नोटीस रद्द झाली, त्यालाही पाच वर्षं झाली. गुणवंतरावांची बदली झाली. ते पिवळं कापड अजून कपाटात आहे, जुनंच गोटुल घेऊन. उद्या कुणी नवा मोजणीदार येईल आणि पहिली खूण तीच धरेल. परवा कुणीतरी माझी कड चिमटीत चोळून पाहिली, कापड मऊ निघेल म्हणाला. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

मित्रांनो, जुनी कापडं जपा. मला धुवायचंच असेल, तर आधी एकदा त्या पिवळ्या कापडावर ठेवून खिडकीशी धरा, वळणावर वळण. डाव्या कोपऱ्यात नदीचं वळण आहे, तिथं सुकरी यंदाही धान लावते आहे. मी धुतला गेलो, तर त्या शेताच्या बाजूनं बोलायला या कचेरीत कुणी उरणार नाही.